वाकडा अलिफ

२०१८ च्या रमजानमधली गोष्ट. मे महिना सरत आला होता. सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. फजरच्या नमाजनंतर अम्मी रोजच्यासारखी रेहलीवर कुराण शरीफ ठेवून तिलावतीला बसली होती. शाळेला सुट्टी असल्याने आम्ही शेजारीच आडवे झालो होतो. अम्मी मध्येच थांबली. चष्मा पदराने पुसला, पान जरा जवळ ओढले, जरा लांब केले आणि म्हणाली, "देख गे बेटा, अलिफ टेढा दिखरा."

आम्ही हसलो. उर्दू शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी जे एकच अक्षर बिनचूक काढता येते ते अलिफ. एक उभी रेघ, दुसरे काही नाही. ती वाकडी कशी दिसेल? "अम्मी, ऐनक बदलनी पडेगी," असे म्हणून आम्ही कूस बदलली.

त्या हसण्याचा हिशेब आम्हाला पुढे द्यावा लागला. तोच इथे मांडत आहोत.

अम्मीला मधुमेह होऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती. गोळ्या चालू होत्या, साखर कधी वर कधी खाली. घरात 'शुगर' हा शब्द इतका रुळला होता की त्याची भीती उरली नव्हती. डोळ्यांची तक्रार सुरू झाली तशी चहूकडून मदत आली. भावाने नवी पेठेतल्या दुकानात नेऊन नंबर बदलून आणला. खालाने अजमेरहून आणलेला सुरमा दिला. फूफी रोज पेलाभर गाजराचा रस पाठवू लागली. शेजारच्या बाजींनी दम केलेले पाणी आणून दिले. आणि आम्ही, बी.एड. झालेल्या, मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या, काय केले? मोठ्या अक्षरातले कुराण शरीफ आणून दिले आणि आपले कर्तव्य झाले असे मानले. सगळ्यांची माया खरी होती. डोळ्याच्या आत काय चालले आहे ते पाहावे, हे मात्र एकालाही सुचले नाही.

असे आठ महिने गेले. अम्मीच्या हातच्या डाळीत कधी खडा लागला नव्हता. सूप घेऊन बसली की तिची नजर एकेक दाणा पारखायची. एके दिवशी जेवताना अब्बांच्या दाताखाली खडा आला. पुढच्या घासाला आणखी एक. अब्बा काही बोलले नाहीत. खडे ताटाच्या कडेला काढून ठेवले. अम्मीने ते पाहिले नाही. आम्ही पाहिले. जानेवारी २०१९ मध्ये आम्ही तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, यंत्रावर हनुवटी टेकायला लावून पडद्याचा फोटो काढला आणि आम्हाला आत बोलावले. संगणकावर दोन चित्रे होती. निरोगी डोळ्याच्या पडद्याला मधोमध बशीसारखा छोटा खळगा असतो. अक्षर वाचायचे, चेहरा ओळखायचा तो इथेच. अम्मीच्या डाव्या डोळ्यात त्या जागी खळगा नव्हता. तिथे तव्यावरच्या फुलक्यासारखा फुगवटा होता. उजव्या डोळ्यात तो कमी होता, पण होता. "मधुमेहाने पडद्याला सूज आलीय," डॉक्टर म्हणाले. "कागदाला फुगा आला तर त्यावरची रेघ वाकडी दिसेल की नाही? तसेच."

अलिफ खरोखरच वाकडा दिसत होता. अम्मी खरे बोलत होती.

उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. एकदा देऊन भागणार नव्हते. सुरुवातीला दर महिन्याला, नंतर सूज पाहून. औषधे दोन. एक खास डोळ्यासाठी तयार केलेले, महाग. दुसरे त्याच्या मानाने पुष्कळच स्वस्त. ते मुळात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी निघाले, पण जगभरचे डॉक्टर त्याचे बारीक डोस करून डोळ्यासाठी वापरतात. अब्बांची गिरणी कधीच बंद झालेली, भावाचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान जेमतेम, आणि आम्ही विनाअनुदानित तुकडीवर. आम्ही दुसरे औषध निवडले.

त्या संध्याकाळी घरात काय झाले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल. आमच्या बोलण्यातले बाकीचे सगळे शब्द गळून पडले आणि 'कॅन्सर' तेवढा मोहल्ल्यात फिरला. विजापूर वेशीकडून फूफी रडतच आली. बायका येऊन अम्मीभोवती बसल्या. रात्री सगळे गेल्यावर अम्मीने आमचा हात धरला. "कैंसर है तो सच बोलो. मेरे को बहलाओ नको."

कॅन्सर नाही, हे आम्ही तिला शपथेवर सांगितले. पण आतड्याच्या गाठीचे औषध डोळ्याच्या सुजेला कसे चालते, या तिच्या साध्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. पुढचे काही दिवस शाळेतून आल्यावर आम्ही तेच वाचत बसलो.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात वर्गात रक्ताभिसरणाचा धडा चालू होता. रोहिणीला उर्दूत 'शिरियान' म्हणतात, नीलेला 'वरीद' आणि दोघींना जोडणाऱ्या बारीक जाळ्याला 'उरूके शअरिया'. 'शअर' म्हणजे केस. मराठीतही तिला केशवाहिनीच म्हणतात. केसाहूनही कितीतरी बारीक अशी नळी, जिच्यातून रक्ताच्या पेशी जवळजवळ एकेकट्याने पुढे सरकतात. उर्दूत जेर-जबर न देता लिहिले की 'शअर' म्हणजे केस आणि 'शेर' म्हणजे कवितेच्या दोन ओळी एकसारखेच दिसतात. एका मुलीने मोठ्याने वाचले, 'उरूके शेरिया', आणि निरागसपणे विचारले, "टीचर, शायरांना वेगळ्या रगा असतात का?" वर्ग खो-खो हसला. आम्हीही हसलो आणि हसता हसता थांबलो. अम्मी म्हणाली होती त्या दिवशीही आम्ही असेच हसलो होतो.

या धड्याला आम्ही दरवर्षी इब्न नफीस यांचे नाव अभिमानाने सांगतो. हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसातून फिरून डाव्या बाजूला येते, हे त्यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले होते. ते सांगताना आमचा आवाज चढतो. पण वर्गात आठशे वर्षांपूर्वीच्या हकीमांचा वारसा सांगणाऱ्या आमच्या घरात आईच्या डोळ्यातल्या रगा आठ महिने पाझरत होत्या आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. हेही त्याच दमात सांगायला हवे.

कॅन्सरला उर्दूत 'सरतान' म्हणतात, मराठीत 'कर्करोग'. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, खेकडा. जालीनूस, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलेन, याने स्तनाच्या गाठीभोवती फुगलेल्या शिरांना खेकड्याच्या पायांची उपमा दिली होती. म्हणजे गाठीभोवती रक्तवाहिन्या जमतात हे माणसाने पुरातन काळीच पाहिले होते. त्यांना तिथे बोलावते कोण, हा प्रश्न नेटाने लावून धरणारा माणूस मात्र फार उशिरा आला.

त्याचे नाव ज्यूडा फोकमन. १९३३ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात जन्म. वडील रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू. मुलगा शस्त्रक्रियेचा डॉक्टर झाला. १९६० च्या सुमारास तो अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा इथल्या प्रयोगशाळेत होता. लांबच्या सफरीवर जाणाऱ्या जहाजांसाठी रक्ताऐवजी चालेल असा टिकाऊ द्रव शोधण्याचे काम त्याच्याकडे होते. तो द्रव चालतो का हे पाहण्यासाठी त्याने आणि फ्रेडरिक बेकर या सहकाऱ्याने सशाची थायरॉइड ग्रंथी काचेच्या भांड्यात त्या द्रवावर जिवंत ठेवली आणि तिच्यात उंदराच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या. पेशी वाढल्या, गाठी झाल्या आणि एक-दोन मिलिमीटरच्या झाल्यावर थांबल्या. मेल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. त्याच गाठी जिवंत उंदराच्या अंगात बसवताच भराभरा वाढू लागल्या. फरक एवढाच होता की भांड्यातल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या आणि उंदराच्या अंगात फुटत होत्या.

फोकमन यांनी यावरून निष्कर्ष काढला की गाठ आपल्या वाढीसाठी रक्त मागवते. ती एखादे रसायन सोडते, ते जवळच्या रक्तवाहिन्यांना हाक घालते आणि त्यांना नव्या फांद्या फुटून त्या गाठीकडे धावतात. ती हाक बंद करता आली तर गाठ उपाशी राहील. नोव्हेंबर १९७१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात त्यांनी हे मांडले. तेव्हा ते बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते.

लोकांनी त्यांना वेड्यात काढले. गाठीजवळच्या रक्तवाहिन्या म्हणजे साधी सूज, मरणाऱ्या पेशींचा परिणाम, असे जाणकार म्हणत. हा शल्यविशारद, याला प्रयोगशाळेतले काय कळते, असाही सूर होता. परिषदेत ते बोलायला उभे राहिले की श्रोते उठून बाहेर जात, अशी आठवण ते स्वतः सांगत. पण गाठ कापताना ती कशी रक्ताने लालभडक असते हे त्यांनी आपल्या हातांनी अनुभवले होते. त्यांनी हट्ट सोडला नाही. १९८१ मध्ये विभागप्रमुखपद सोडले आणि संशोधनालाच वाहून घेतले. १९८४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतल्या युएन शिंग आणि मायकेल क्लॅग्सब्रन यांनी रक्तवाहिन्या वाढवणारे एक प्रथिन गाठीतून शुद्ध स्वरूपात वेगळे काढून दाखवले. म्हणजे हाक खरोखरच होती. तोवर पहिला लेख लिहून तेरा वर्षे लोटली होती.

यानंतर अनेकांचे हात लागले. हेरॉल्ड ड्वोरॅक यांच्या गटाने १९८३ मध्ये रक्तवाहिन्यांना पाझरायला लावणारे एक प्रथिन गाठीत शोधले होते. १९८९ मध्ये मूळचे इटलीचे नेपोलिओने फेरारा यांनी कॅलिफोर्नियातल्या जेनेनटेक कंपनीत व्हीईजीएफ नावाचे प्रथिन वेगळे केले. दोन्ही प्रथिने एकच निघाली. हाक मारणारे आणि रक्तवाहिनीला पाझरायला लावणारे रसायन एकच होते. १९९३ मध्ये फेरारांनी हे प्रथिन धरून ठेवणारे प्रतिपिंड उंदरांना दिले तेव्हा गाठींची वाढ मंदावली. त्यावरूनच पुढे बेव्हॅसिझुमॅब हे औषध तयार झाले. अव्हॅस्टिन म्हणून प्रसिद्ध असलेले ते हेच. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी त्याला मंजुरी मिळाली. १९७१ पासून मोजले तर तेहतीस वर्षे झाली.

आता डोळ्याचे. वाढलेल्या साखरेमुळे पडद्यातल्या केशवाहिन्या वर्षानुवर्षे झिजतात, काही बंद पडतात. मग पडद्याला प्राणवायू कमी पडतो आणि उपाशी पेशी हाक मारतात. अशी काही हाक असावी असा तर्क आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञाने १९४८ मध्येच केला होता. १९९४ मध्ये बोस्टनच्या लॉइड पॉल आयेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही रुग्णांच्या डोळ्यातले पाणी तपासले. पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या डोळ्यांत व्हीईजीएफ वाढलेले आढळले. गाठ जी हाक मारते तीच हाक उपाशी पडदाही मारतो. हाकेसरशी आहेत त्या वाहिन्या पाझरू लागतात, पडदा सुजतो. नव्याही फुटतात, पण त्या कच्च्या असतात, पटकन फुटून डोळ्यात रक्त सांडते. शरीर आपल्या परीने डोळ्याला वाचवायलाच धावलेले असते आणि त्या धावण्यानेच डोळा जातो.

हे वाचले त्या रात्री आम्हाला सुरमा आठवला, गाजराचा रस आठवला, मोठ्या अक्षरातले कुराण शरीफ आठवले. आम्हीही वाचवायलाच धावलो होतो.

मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड या डॉक्टरांनी २००५ मध्ये कॅन्सरच्या औषधाचा अगदी बारीक डोस डोळ्यात देऊन पाहिला आणि सूज उतरली. खास डोळ्यासाठी बनवलेल्या रॅनिबिझुमॅबला २००६ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. ती उतारवयात पडदा खराब होण्याच्या आजारासाठी होती. त्याच आजारात दोन्ही औषधांची तुलना अमेरिकेच्या सरकारी खर्चाने झाली, आणि वर्षभरानंतर नजरेवर दोघांचा परिणाम सारखाच दिसला, असे २०११ मध्ये जाहीर झाले. हे वाचल्यावर स्वस्त औषध निवडल्याची आमच्या मनातली टोचणी थोडी कमी झाली.

हे सगळे आम्ही अम्मीला दोन-तीन रात्री बसून सांगितले. अम्मी चौथीपर्यंत शिकलेली, पण ऐकते मन लावून. शेवटी तिने विचारले, त्या डॉक्टरचे नाव काय म्हणालीस? पूर्ण नाव मोझेस ज्यूडा फोकमन, आम्ही सांगितले. आपल्या बोलीत मूसा यहूदा.

अम्मी जरा थांबली. "यहूदा तो यूसुफ अलैहिस्सलाम के भाई का नाम था ना?" होय. "याकूब अलैहिस्सलाम के आँखां के वास्ते कुर्ता वही लाया था."

आमच्या ध्यानीमनी नव्हते. यूसुफच्या विरहात रडून रडून याकूब अलैहिस्सलाम यांची नजर गेली आणि यूसुफचा कुर्ता चेहऱ्यावर टाकताच ती परत आली, हे कुराणात आहे. कुर्ता आणणाऱ्याचे नाव तिथे नाही. तो यहूदा होता असे तफसीरकार सांगतात. अम्मीने हे लहानपणी कधी तरी वाजमध्ये ऐकलेले. "खून लगा हुआ कुर्ता भी भाइयोंच ले गये थे," ती म्हणाली, "और आँखां का कुर्ता भी भाईच लाया. जिसके हात से शिफा लिखी, उसके हात से मिलती." फूफी जवळच बसली होती. यहुदी हा शब्द ऐकून तिच्या कपाळावर आठी पडली होती. ती गेली.

हे औषध फोकमन यांनी स्वतः बनवले नाही आणि ते काही कुर्ता नाही, एका क्षणात नजर देणार नाही, हेही आम्ही अम्मीला सांगितले. तिने मान हलवली.

इंजेक्शनला प्रत्यक्षात वेळ फार लागला नाही. थेंबांनी डोळा बधिर केला, बेटाडिनने धुतला, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवल्या आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक सुई आत घातली. औषध किती? एका मिलिलिटरचा विसावा भाग. बाहेर आल्यावर अम्मी म्हणाली, चिमूट घेतल्यासारखे झाले आणि मग पाण्यात शाई पडावी तसे काळे गोळे तरंगले. "मैं समझी थी, सुई आते हुए दिखेगी. कुछ नहीं दिखा."

डॉक्टरांनी घरी पाहण्यासाठी एक चौकटींचा कागद दिला होता, मधे एक ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचे. रेघा वाकड्या दिसल्या तर दवाखाना गाठायचा. तो कागद लवकरच मळला, फाटला. मग आम्ही गणिताची चौकटीची वही आणून एका पानावर तसाच ठिपका काढून दिला. अम्मी दर जुम्याला ती वही घेऊन बसायची. २०१९ सालात डाव्या डोळ्यात सात आणि उजव्यात चार इंजेक्शने झाली. फोटोतला फुगवटा उतरत गेला. डिसेंबरात एके सकाळी अम्मीने आम्हाला हाक मारली आणि रेहलीवरच्या पानावर बोट ठेवले. काही न बोलता बोट वरून खाली सरळ नेले. अलिफ उभा राहिला होता.

गोष्ट इथे संपली असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

हे औषध डोळ्यात काही आठवडेच टिकते. ते हाक दाबून ठेवते; हाक मारणारी उपासमार मिटवत नाही. ती साखरेची आणि रक्तदाबाची वेगळी लढाई असते. डॉक्टरांनी हे दहा वेळा सांगितले होते. पण अलिफ सरळ दिसू लागला आणि आम्ही मनातल्या मनात आजार संपला असे ठरवून टाकले. फेब्रुवारी २०२० मध्ये एक इंजेक्शन झाले. पुढची तारीख एप्रिलची होती. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. रमजान घरातच गेला, ईद घरातच झाली. इथवर आमचा दोष थोडा. पण जुलैमध्ये दवाखान्यातून फोन आला होता की पेशंटला घेऊन या. कोरोनाची भीती होती, हातात पैसेही नव्हते. शाळा बंद, आमचे मानधन अडकलेले. आम्ही म्हणालो, पुढच्या महिन्यात. ऑगस्टमध्येही म्हणालो, पुढच्या महिन्यात. अम्मीची वहीही कपाटात गेली होती. दिसत होते ना नीट, मग कशाला?

सप्टेंबरमध्ये एके दुपारी अम्मी भिंतीवरचे जाळे काढायला झाडू घेऊन उठली. भिंतीवर जाळे नव्हते. ते तिच्या डाव्या डोळ्यात होते. संध्याकाळपर्यंत त्या डोळ्यापुढे लालसर काळा पडदा उतरला. कच्ची रक्तवाहिनी फुटून डोळ्यात रक्त सांडले होते. लेसर झाले, पुढे शस्त्रक्रियाही झाली. पण पडदा ओढला गेला होता. डाव्या डोळ्याला आज समोर हललेला हात कळतो, चेहरा कळत नाही.

या गोष्टीवर आम्ही भावंडे आपसात फार बोलत नाही. अम्मीने कधी बोल लावला नाही. एकदा फक्त म्हणाली, "तुमने क्या जानबूझ के किया?" जाणूनबुजून नव्हते, हे खरे. पण आम्हाला माहीत होते, हेही तितकेच खरे. आठ महिने अज्ञानात गेले त्याला एक माफी असेल. जुलै आणि ऑगस्ट ज्ञान असताना गेले.

फोकमन यांच्या आयुष्यात आणखी एक प्रसंग आहे. ३ मे १९९८ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एंडोस्टॅटिन आणि अँजिओस्टॅटिन या दोन नव्या औषधांची बातमी पहिल्या पानावर छापली. नोबेल मिळवलेल्या जेम्स वॉटसन यांच्या तोंडी फोकमन दोन वर्षांत कॅन्सर बरा करणार असे वाक्य होते. आपण तसे म्हणालो नाही, असे वॉटसन यांनी नंतर सांगितले. एका दिवसात कंपनीचे शेअर आभाळाला भिडले आणि देशभरचे रुग्ण ते औषध मागू लागले. पूर्वी ज्यांच्यावर लोक हसले त्यांच्याकडून आता लोक चमत्कार मागत होते. उंदीर बरे झाले, एवढेच आपल्या हाती आहे, असे फोकमन स्वतः बजावत होते. पुढे माणसांवरच्या चाचण्यांत उंदरांसारखे यश दिसले नाही. २००४ साली मंजूर झालेल्या बेव्हॅसिझुमॅबनेही आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांचे सरासरी आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर नेले. पाच महिनेसुद्धा पूर्ण नाहीत. स्तनाच्या कॅन्सरसाठी दिलेली मंजुरी अमेरिकेने २०११ मध्ये काढून घेतली, कारण धोक्याच्या मानाने फायदा सिद्ध झाला नाही. १४ जानेवारी २००८ रोजी व्याख्यानाला जात असताना डेन्व्हरच्या विमानतळावर हृदयविकाराने फोकमन गेले. कॅन्सरसाठी निघालेला त्यांचा विचार डोळ्यात जास्त फळला. ते फळही दर महिन्याला दवाखान्यात जाऊन, रांगेत बसून घ्यावे लागते.

आम्ही दोन्ही चुका केल्या. आधी हसलो, मग चमत्कार झाला असे समजून निर्धास्त झालो.

उजवा डोळा मात्र आम्ही सांभाळला आहे. त्या सप्टेंबरनंतर एकही तारीख चुकलेली नाही. आता इंजेक्शनांमधले अंतर वाढले आहे, तीन महिन्यांची साखर वहीत लिहिली जाते, आणि चौकटीची वही कपाटात जात नाही. ती रेहलीच्या खालीच असते. एका डोळ्याने वाचायचे म्हणून अम्मी हळू वाचते. रोजचा पारा आता दोन दिवसांत होतो.

आमच्या गल्लीत शुगर नाही असे घर विरळा. दुपारी अम्मीकडे बायका बसायला येतात. ज्याला साखर आहे त्याने त्रास असो वा नसो, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून आतला पडदा दाखवून घ्यावा, हे डॉक्टरांचे वाक्य अम्मीने आपले करून टाकले आहे. ती प्रत्येकीला आधी विचारते, कितने साल से शुगर है? मग चौकटीची वही पुढे करते. एक डोळा झाकायला लावते. ज्यांना वही कळत नाही त्यांना दाराची चौकट बघायला सांगते. मागच्या रमजानमध्ये समोरच्या घरातली सून आपल्या सासूला घेऊन आली. सासू म्हणाली, "कुछ नहीं गे, उमर है, ऐनक बदल लूंगी."

अम्मीने तिच्यापुढे कुराण शरीफ उघडून धरले आणि एका अक्षरावर बोट ठेवले. "पहले ये बोल, अलिफ सीधा है?"

सासूने डोळा झाकला, उघडला, पुन्हा झाकला. ती काही बोलली नाही. आम्ही तिथेच होतो. या वेळी आम्ही हसलो नाही. चप्पल पायात घातली आणि दवाखान्याला नेण्यासाठी रिक्षा बोलवायला गेलो.